माणूस गाव का सोडतो? ठाणे–नवी मुंबईच्या वाचकांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी ठाण्यात भूगोल शिकवते. मानवाची उत्पत्ती, भूगोल आणि स्थलांतर या विषयावर शाळांत, वाचनालयांत आणि सोसायट्यांच्या सभागृहांत बोलायला जाते, तेव्हा प्रत्येक ठिकाणी चिठ्ठ्यांवर साधारण तेच प्रश्न येतात. काही प्रश्न कुतूहलाचे असतात, काही दुखऱ्या जागेतून आलेले. दोन्हींना नीट उत्तर मिळायला हवं, म्हणून हे पान तयार केलं. हवा तो प्रश्न थेट वाचा. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॅडम, मी रोज डोंबिवलीहून घाटकोपरला कामाला जातो. हे स्थलांतर झालं का?

नाही. राहण्याचं ठिकाण बदललं तरच ते स्थलांतर. जनगणनेत ते दोन गोष्टींवरून ठरतं: जन्म कुठे झाला, आणि याआधी वास्तव्य कुठे होतं. यातलं एकही उत्तर आजच्या गावापेक्षा वेगळं आलं की त्या व्यक्तीची नोंद स्थलांतरित म्हणून होते. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुली माहेरी जातात. त्यामुळे आईवडील कायम ठाण्यात राहणारे असले, तरी चिपळूणला आजोळी जन्मलेलं बाळ जन्मस्थानाच्या हिशेबात स्थलांतरित ठरतं. म्हणून संशोधक सहसा आधीच्या वास्तव्याची आकडेवारी वापरणं पसंत करतात.

२. माणूस मूळचा आफ्रिकेतला, हे नक्की कशावरून म्हणतात?

दोन वेगवेगळ्या वाटांनी गेलेले पुरावे एकाच ठिकाणी पोचतात, यावरून. पहिला पुरावा हाडांचा. आपल्या प्रजातीचे, म्हणजे होमो सेपियन्सचे सगळ्यांत जुने अवशेष आफ्रिकेत सापडले आहेत. मोरोक्कोतल्या जेबेल इर्हूद इथले सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत, इथिओपियातल्या ओमो किबिश इथले सुमारे २ लाख वर्षांपूर्वीचे. दुसरा पुरावा आज जिवंत असलेल्या माणसांच्या शरीरातला. जनुकीय विविधता आफ्रिकेत सर्वांत जास्त आहे, आणि आफ्रिकेपासून जितकं दूर जावं तितकी ती कमी होत जाते. पुढे सरकणारा प्रत्येक गट लहान होता आणि मागच्या लोकसंख्येतल्या विविधतेचा थोडाच भाग बरोबर नेत होता, असं मानलं की हा उतार समजतो. १९८७ साली रेबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी आईकडून येणाऱ्या डीएनएचा अभ्यास करून हे पहिल्यांदा ठळकपणे मांडलं. चार्ल्स डार्विनने आफ्रिकेचा अंदाज १८७१ मध्येच केला होता, तेव्हा हाती आदिमानवाचा एकही आफ्रिकी जीवाश्म नव्हता.

जुन्या पुस्तकांत पूर्व आफ्रिका हे एकच जन्मस्थान दाखवलेलं असतं. आता संशोधकांचा कल वेगळा आहे. खंडभर विखुरलेले गट कधी तुटत, कधी पुन्हा मिसळत, आणि त्यातून आपण घडलो, असं चित्र पुढे येत आहे. म्हणजे उत्पत्तीच्या गोष्टीतही स्थलांतर पहिल्यापासून आहे.

३. तिथे सगळं होतं, तर माणूस आफ्रिका सोडून बाहेर का पडला?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि त्यात एक गृहीत दडलेलं असतं: कोणीतरी एके दिवशी गाठोडं बांधून निघालं. तसं झालं नाही. आपण आफ्रिका सोडतोय हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. शिकार पुढच्या दरीत गेली, कंदमुळं संपली, दोन भावांचं पटलं नाही, गट मोठा होऊन फुटला. अशा कारणांनी लोक थोडंथोडं सरकले. हिशेब करून पाहा. दर पिढीला एखादा गट फक्त २५ किलोमीटर पुढे गेला, तर ५ हजार किलोमीटरला २०० पिढ्या लागतात. पिढी २५ वर्षांची धरली तर ही ५ हजार वर्षं झाली. आपल्या काळाच्या मापाने हा प्रवास अतिशय संथ आहे, भूगर्भाच्या मापाने मात्र एक क्षण.

भूगोलाने यात दारं उघडली आणि मिटली. पृथ्वीचा आस डोलतो, त्यामुळे साधारण २० ते २५ हजार वर्षांच्या फेऱ्यांत सहारा आणि अरबस्तानात पाऊस वाढतो आणि घटतो. ओला काळ आला की वाळवंटाच्या जागी गवत, तळी आणि प्राणी असत. शेवटचा ओला काळ सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीचा आहे. अशा काळात लोक वाळवंटात पसरले आणि कोरडा काळ आला की कडेला ढकलले गेले, काही दक्षिणेकडे तर काही ईशान्येकडे. हिमयुगात समुद्राची पातळी खाली गेल्यावर तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाची बाब-एल-मंदेब सामुद्रधुनी, जी आज सुमारे ३० किलोमीटर रुंद आहे, बरीच अरुंद झाली होती. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या सर्व माणसांचे पूर्वज ज्या लाटेत मुख्यतः आले, ती सुमारे ५० ते ७० हजार वर्षांपूर्वीची.

४. म्हणजे त्याआधी कोणी बाहेर पडलंच नव्हतं?

पडलं होतं, अनेकदा. जॉर्जियातल्या दमानिसीला सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीचे मानवी अवशेष सापडले आहेत. ते आपल्या प्रजातीचे नव्हेत. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची दगडी हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची आहेत. नर्मदेकाठी हथनोरा इथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना कवटीचा भाग मिळाला, तोही आपल्याहून जुन्या मानवाचा. खुद्द होमो सेपियन्सचेही काही गट लाखाहून जास्त वर्षांपूर्वी आजच्या इस्राएलपर्यंत पोचले होते, पण आज जिवंत असलेल्या लोकांत त्यांचा ठळक वारसा दिसत नाही. तिथपर्यंत पोचणं आणि तिथे टिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठ्या लाटेतल्या लोकांना वाटेत जुने रहिवासी भेटले आणि त्यांच्याशी संबंधही आले. आफ्रिकेबाहेरच्या माणसांत निअँडरथल मानवाचा सुमारे १ ते २ टक्के वारसा आहे, तुमच्या-माझ्यातही. हे शोधण्याची पद्धत उभी केल्याबद्दल स्वांते पेबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं.

५. आपल्या कोकणपट्टीत माणूस केव्हापासून आहे? ठाण्याच्या खाडीकाठी आदिमानव राहत होता का?

मुंबई परिसरात अश्मयुगीन माणूस वावरला होता, हे पक्कं आहे. कांदिवलीजवळ टॉड या नौदल अधिकाऱ्याला १९३० च्या दशकात अश्मयुगीन हत्यारं सापडली होती. हाडं मात्र इथे फारशी मिळत नाहीत. मुसळधार पाऊस आणि आपली आम्लधर्मी लाल माती हाडं टिकू देत नाहीत.

दुसरं कारण मुलांना सांगते तेव्हा वर्ग शांत होतो. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, जगभरात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोरचा समुद्रतळ उथळ आणि खूप रुंद आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो इथेच सर्वांत रुंद. त्यामुळे तेव्हाचा किनारा आजच्या किनाऱ्यापासून दोनशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला होता. वाशीच्या पुलावरून खाली दिसते ती खाडी तेव्हा खाडी नव्हती, ती एक गोड्या पाण्याची दरी होती. घारापुरी ही मैदानातली टेकडी होती. किनाऱ्याने आलेले लोक जिथे राहिले असतील, शंख-शिंपले खाल्ले असतील, ती बहुतेक ठिकाणं आज अरबी समुद्राखाली आहेत. पाणी वर येत गेलं तसे हे लोक पिढ्यान्‌पिढ्या पूर्वेकडे सरकले असणार. पुढच्या समुद्रवाढीबद्दल प्रश्न १४ पाहा.

६. मग आपण मराठी लोक नेमके कुठले? आर्य बाहेरून आले का?

याचं उत्तर एका शब्दात मागणाऱ्यांना मी नम्रपणे थांबवते, कारण एका शब्दातलं कोणतंही उत्तर खोटं ठरतं.

आज उपखंडातल्या बहुसंख्य लोकांत तीन मुख्य धागे मिसळलेले आहेत. पहिला इथल्या प्राचीन शिकारी-संकलकांचा. अंदमानातल्या मूळ रहिवाशांशी त्यांचं दूरचं नातं लागतं. दुसरा इराणी पठाराच्या लोकांशी नातं सांगणारा. तिसरा मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा. हरियाणातल्या राखीगढीच्या सिंधुकालीन स्त्रीच्या सांगाड्यातल्या डीएनएचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात पहिले दोन धागे होते, तिसरा नव्हता. तिसरा धागा उपखंडात मुख्यतः इसवी सनपूर्व २००० ते १५०० या काळात आला, असं त्याच वर्षीच्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासातून दिसलं. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या गटांची मोठ्या प्रमाणावर सरमिसळ झाली आणि नंतर जातीतच लग्न करण्याची बंधनं घट्ट होत गेली. प्रमाणं वेगवेगळी असली, तरी ही सरमिसळ जवळजवळ सगळ्या समाजांत आहे.

एक सावधगिरी ठेवा. भाषा आणि वंश एकच नव्हेत. मेळघाटातले कोरकू मुंडा कुळातली भाषा बोलतात, गडचिरोलीतले गोंड द्राविडी कुळातली, आपण इंडो-आर्य कुळातली. पण भाषा बदलता येते. एखाद्या समाजाची भाषा दोन-तीन पिढ्यांत बदललेली आपण डोळ्यांसमोर पाहतो. त्यामुळे भाषेवरून थेट पूर्वज काढू नका.

७. दुष्काळ पडला की लोक निघतात. म्हणजे भूगोलच माणसाला ढकलतो, असं म्हणायचं ना?

परीक्षेत असं लिहिलं तर अर्धे गुण मिळतील, आणि मला ते अर्धेच द्यावेसे वाटतात.

आधी भूगोलाच्या बाजूने बोलते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने तिथे केलेल्या उत्खननात इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकातलं शेतकऱ्यांचं गाव मिळालं. सुरुवातीला चौकोनी घरं होती, बार्लीची शेती होती, पुराचं पाणी वळवण्याची सोय होती. इसवी सनपूर्व १००० च्या पुढे घरं लहान आणि गोल झाली, शेती आक्रसली, शिकार आणि मेंढपाळी वाढली, आणि इसवी सनपूर्व ७०० च्या सुमारास गाव ओस पडलं. पाऊस घटला म्हणून लोक फिरते झाले, असं पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांनी मांडलं. आजचे धनगरही असाच पावसाचा माग काढतात. दिवाळीनंतर कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणातल्या कापणी झालेल्या शेतांत मेंढ्या बसवायच्या, बदल्यात धान्य घ्यायचं, आणि मृगाच्या आत घाट चढून जायचं. कोकणातल्या धो धो पावसात त्यांच्या मेंढ्या टिकत नाहीत. इथे वेळापत्रक खरोखर सह्याद्री ठरवतो.

आता दुसरी बाजू. सह्याद्रीच्या पूर्वेला पर्जन्यछायेचा पट्टा नंदुरबार–धुळ्यापासून सांगलीपर्यंत पसरला आहे. या पट्ट्यात एका गावातले लोक दसऱ्यानंतर मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला निघतात, आणि दुसऱ्या गावातले लोक त्याच ऊसतोडीची वाट पाहत घरी बसतात. पाऊस दोघांकडे कमीच असतो. फरक कालव्याचा, धरणाच्या पाण्याच्या वाटपाचा, जमीन कोणाच्या नावावर आहे याचा. बीडमधून लाखो लोक निघतात त्याचं कारण फक्त आकाशात शोधलं, तर ज्यांनी पाण्याचे निर्णय घेतले त्यांना आपण मोकळं सोडतो. मला हे मनापासून खटकतं. १९७२ च्या दुष्काळातही रोजगार हमीची कामं जिथे निघाली तिथली माणसं गावात राहू शकली, आणि जिथे निघाली नाहीत तिथले अनेकजण मुंबई–ठाण्याच्या झोपडपट्ट्यांत आले.

एव्हरेट ली यांनी १९६६ मध्ये केलेली मांडणी मला आजही उपयोगी वाटते. निघतो तिथली परिस्थिती, जातो तिथली परिस्थिती, मधले अडथळे आणि त्या माणसाच्या स्वतःच्या गोष्टी, असे चार घटक. भूगोल पहिल्या तिन्हींत आहे. पण एकाच वाडीतल्या दोन भावांपैकी एक निघतो आणि एक राहतो, ते चौथ्यामुळे.

८. ठाण्यातच एवढे लोक का आले? इथे असं काय होतं?

वाट होती. नकाशावर ठाण्याभोवती बोट फिरवा. पश्चिमेला येऊरचे डोंगर, पूर्वेला पारसिकचा डोंगर, मध्ये खाडी, उत्तरेला उल्हास नदी आणि तिची वसईकडे जाणारी खाडी. समुद्रातून आलेल्या माणसाला आत जायचं असेल तर जागा इथेच मिळते. आणि आत म्हणजे देशावर. सह्याद्रीची भिंत सलग आहे, पण नाणेघाट, थळघाट आणि बोरघाट अशा खिंडी तिच्यात आहेत. या वाटा उतरून कल्याण, सोपारा आणि ठाण्याकडे येतात. सातवाहन काळात मोसमी वाऱ्यांवर आलेली जहाजं सोपारा–कल्याणला लागत आणि माल नाणेघाटाने जुन्नरला चढे. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी ठाण्याला महत्त्व दिलं ते याच भूगोलामुळे. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर त्यांच्याच काळातलं. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं.

आगरी-कोळी बांधव चैत्रात एकवीरेला कार्ल्याला जातात, त्यांच्या वाटेकडे भूगोलाच्या नजरेने पाहा. किनाऱ्यावरच्या समाजाचं दैवत बोरघाटाच्या माथ्यावर, प्राचीन व्यापारी मार्गालगतच्या लेण्यांपाशी आहे. किनारा आणि घाटमाथा यांच्यातली ये-जा किती जुनी आहे हे त्यातून दिसतं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावली. पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली. १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट रेल्वेने ओलांडला. जुन्या खिंडीच, फक्त त्यांतून आता पुण्या-नाशकाकडची माणसं दिवसात खाली येऊ लागली. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि वागळे इस्टेट उभी राहिली, मग ठाणे–बेलापूर रस्त्यावर कारखाने आले. खिंडींनी वाट दिली, कारखान्यांनी थांबायचं कारण दिलं.

९. सर्वांत गरीब लोकच स्थलांतर करतात ना?

बहुतेकदा नाही. दूर जायला भाडं लागतं, पोचल्यावर पथारी टाकायला जागा लागते, काम सांगणारा ओळखीचा लागतो. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही तो जवळपास फिरतो किंवा अडकून पडतो. अर्न्स्ट रॅव्हनस्टाइन यांनी १८८५ सालीच दाखवलं होतं की बहुतांश स्थलांतर कमी अंतराचं असतं आणि प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाहही असतो. आपल्याकडचा उलटा प्रवाह पाहायचा असेल तर गणपतीच्या आदल्या आठवड्यात ठाणे स्थानकात कोकण रेल्वेच्या गाड्या पाहा.

ओळखीचं महत्त्व कोपरखैरणे आणि घणसोलीत स्पष्ट दिसतं. मसाला, धान्य, कांदा-बटाट्याचे बाजार मुंबईतून वाशी–तुर्भ्याला हलले, तसे माथाडी कामगारही इकडे आले. त्यांतले बरेच साताऱ्याच्या डोंगरी तालुक्यांतले, पाटण–जावळीकडचे. साताऱ्याला पुणं कितीतरी जवळ आहे. पण चुलता मुंबईच्या बाजारात पाठीवर गोणी वाहत होता, त्याच्या खोलीत झोपायला जागा होती, आणि १९६९ च्या माथाडी कायद्याने त्या कामाला संरक्षण मिळालं होतं. पुण्याचं जवळ असणं या सगळ्यापुढे कमी पडलं. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांनी कोकणातल्या माणसांसाठी हेच केलं होतं.

१०. लग्न करून सासरी आलेल्या बाईला स्थलांतरित का म्हणायचं?

कारण तिने गाव सोडलं आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे ४५ कोटी लोक देशातल्या देशात स्थलांतरित आहेत, आणि त्यामागचं सर्वांत मोठं कारण लग्न आहे. रोजगार त्याच्या बराच मागे आहे. स्थलांतराची बातमी म्हणून आपण रेल्वेच्या डब्यात लटकलेले तरुण दाखवतो, आणि सगळ्यांत मोठा प्रवाह मांडवातून जातो तो मोजायचा विसरतो. या बायकांतल्या अनेकजणी ठाण्यात आल्यावर कामही करतात, पण कारणाच्या रकान्यात ‘लग्न’ लिहिलं की त्यांचं काम नोंदीतून निसटतं.

हे जनुकांतही उमटतं. मुली सासरी जातात अशा समाजांत आईकडून येणारा डीएनए गावागावांत जास्त मिसळलेला दिसतो आणि वडिलांकडून येणारा एका जागी जास्त साचलेला.

११. वीटभट्टीवर येणारी कातकरी कुटुंबं दर वर्षी येतात आणि जातात. ते भटके आहेत का?

नाही. त्यांना गाव आहे, वाडी आहे, बहुतेकदा जमीन नाही. भात कापणी संपली की दिवाळीच्या सुमारास भिवंडी, कल्याण, पनवेल भागातल्या भट्ट्यांवर जायचं आणि पावसाआधी परतायचं, हे हंगामी स्थलांतर आहे. आगाऊ घेतलेली रक्कम फेडण्यासाठी पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच जावं लागतं. जनगणनेत हे लोक नीट सापडत नाहीत, कारण त्यांचं घर वाडीत नोंदलेलं असतं. याची किंमत मुलं मोजतात: शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं आणि नोव्हेंबरात त्यांचं बाकडं रिकामं होतं. तुमच्या शाळेजवळ भट्टी असेल तर हंगामात त्या मुलांना वर्गात बसू द्या. शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात कधीही प्रवेश देता येतो, आणि दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

१२. आपण सगळेच आफ्रिकेतून आलो, मग नवी मुंबईत भूमिपुत्र आणि बाहेरचे हा भेद कशाला?

हा प्रश्न मला नेहमी फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांकडून येतो, गावठाणात राहणाऱ्यांकडून कधीच नाही. उत्तर थोडं लांब आहे, पण या पानावर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच.

साठ हजार वर्षांपूर्वीचा प्रवास आपण कोण हे सांगतो. साठ वर्षांतला व्यवहार कोणाचं देणं कोणाकडे आहे हे सांगतो. पहिल्याने दुसऱ्याचा हिशेब फिटत नाही. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचं ठरलं. भातखाचरं, मिठागरं, खाडीतली मासेमारी यांवर जगणारी आगरी, कोळी, कराडी कुटुंबं तिथे होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. विमानतळासाठी आणखी दहा गावं उठवावी लागली.

यात एक अपवाद दडला आहे जो कोणत्याही व्याख्येत बसत नाही. ९५ पैकी बहुतेक गावांतली माणसं जागची हललीच नाहीत. त्यांचं घर तिथेच राहिलं, शहर त्यांच्याभोवती आलं. शेत गेलं, खाडीची वाट बंद झाली, शेजारी नवे आले, कामाचं स्वरूप बदललं. गाव बदललेल्या माणसाला जे जे सोसावं लागतं ते सगळं त्यांनी न हलता सोसलं. जनगणना त्यांना स्थलांतरित म्हणणार नाही, आणि विस्थापितांच्या यादीतही सगळे येणार नाहीत. कोयना धरणात घरं गेलेले लोक रायगड–ठाण्यात नव्या जागी वसवले गेले, ते उघड विस्थापन होतं. इथलं विस्थापन घरात बसून झालं.

म्हणून कृपा करून आफ्रिकेचा दाखला कोणाचा हक्क पुसायला वापरू नका. तो दाखला दुसऱ्या कामासाठी फार मोलाचा आहे: कालच्या गाडीने आलेल्या बिहारच्या किंवा मराठवाड्याच्या मजुराला हीन ठरवणाऱ्याला उत्तर द्यायला. त्या मजुराने कोणाची जमीन घेतलेली नाही. जमिनीचे निर्णय फार वरच्या टेबलांवर झाले.

१३. आमच्या ठाण्यात ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. बेने इस्राएली लोक परत ‘मूळच्या’ देशात गेले, ते कोणत्या प्रकारचं स्थलांतर?

ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं आहे, शार हाशामायिम. बेने इस्राएलींच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी बोलत. त्यांच्यात मध्यपूर्वेचा आणि इथला, दोन्ही वारसा असल्याचं २०१६ मधल्या जनुकीय अभ्यासात दिसलं. १९४८ नंतर बहुसंख्य लोक इस्राएलला गेले. तिथे दिमोना, लोद, अश्दोद भागात आजही मराठी बोलली जाते, आणि ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत आलं आहे.

भूगोलाने यांना ढकललं नव्हतं. कोकणात दुष्काळ नव्हता, छळ नव्हता. उत्पत्तीची स्मृती हेच ओढ लावणारं कारण ठरलं. तिथे पोचल्यावर मात्र त्यांना मूळचं गाव म्हणून आठवत राहिलं ते कोकण. मूळ ही गोष्ट मागे सरकत जाते; कोणत्या पिढीपाशी थांबायचं हे माणसं ठरवतात.

मुरूडच्या जंजिऱ्याच्या सिद्दींबद्दलही विचारणा होते. ते आफ्रिकेतून मध्ययुगात, गुलाम, सैनिक आणि खलाशी म्हणून समुद्रमार्गे आलेले लोक. प्रश्न २ मधली आफ्रिका आणि ही आफ्रिका यांत हजारो पिढ्यांचं अंतर आहे.

१४. समुद्र वाढला तर ठाणे–नवी मुंबईतून लोकांना जावं लागेल का?

काही भागांवर ताण नक्की येईल. नवी मुंबईचा मोठा भाग दलदल आणि खाजण भरून उभा आहे. भरतीचं पाणी आणि पाऊस एकत्र आले तर ते साठवायला सिडकोने धारण तलाव बांधले, ते गाळाने भरू न देणं हा आजचा प्रश्न आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर शहर रिकामं झालं नाही. लोक खालच्या मजल्यावरून वर गेले, नाल्याकाठून थोडं पलीकडे गेले. हवामानामुळे होणारं स्थलांतर बहुतेकदा असंच जवळचं असतं, आणि ज्याच्याकडे भाडं भरायला पैसे आहेत तो आधी निघतो. नाल्याकाठी शेवटी कोण उरतं हे प्रश्न ९ वाचला की कळेल. खाडीकाठची कांदळवनं राखणं हे भरतीपासून मिळणारं सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

१५. खाडीत फ्लेमिंगो येतात, तसंच माणसाचं स्थलांतर का?

नाही. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो ऋतूप्रमाणे येतात आणि गुजरातेतल्या कच्छकडे वीण घालायला परततात. तो क्रम त्यांच्या शरीरात आहे. माणसाला तसा अंगभूत मार्ग नाही. धनगरांचा हंगामी फेरा (प्रश्न ७) दिसायला जवळचा वाटतो, पण तो शिकलेला आहे, आणि त्यांची मुलं तो सोडूही शकतात. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला आहे. जरूर पाहायला जा.

१६. माझं घराणं मूळ कुठलं, कसं शोधू? डीएनए चाचणी करू का?

चाचणी हजारो वर्षांपूर्वीच्या मिश्रणाचा अंदाज देईल. तुमचे पणजोबा कोणत्या गावाहून ठाण्यात आले हे ती सांगणार नाही. त्यासाठी साधने घरातच आहेत.

पहिलं, कुलदैवत. ठाण्यात तीन पिढ्या राहिलेल्या घराचं कुलदैवत जेजुरी, तुळजापूर, मंगेशी किंवा पाली असेल, तर जुन्या वाटेचा तो धागा असू शकतो. पण दैवतंही हलतात: पोर्तुगीज राजवटीत १५६० मध्ये मंगेशाचं देवस्थान कुठ्ठाळीहून प्रियोळला नेलं गेलं. म्हणजे तुमचं गाव आजच्या देवळापाशी नसून जुन्या स्थानाजवळ असू शकतं. दुसरं, कागद: आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गावचा सातबारा, जुने फेरफार, गिरणीचं किंवा रेल्वेचं नोकरीपत्र. तिसरं, तीर्थोपाध्यायांच्या वह्या. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूरला पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी असतात. गाव आणि आडनाव सांगितलं तर अनेकदा सहा-सात पिढ्या सापडतात. ज्या समाजांना त्या दारात जागा नव्हती त्यांच्यासाठी शाळेचे आणि जमिनीचे कागद जास्त कामाचे, आणि जन्म-मृत्यू नोंदीचे जुने मोडी कागद तहसील कार्यालयात मिळू शकतात. मोडी वाचणारी माणसं ठाण्यात आहेत.

आणि वंशावळ काढताना फक्त पुरुषांची नावं लिहू नका. आजीचं माहेर, पणजीचं माहेर, तिच्या आईचं माहेर, असं गावांच्या नावांसह लिहा. प्रश्न १० मध्ये सांगितल्याप्रमाणे घरातलं सर्वांत जास्त स्थलांतर याच रेषेवर झालेलं असतं, आणि ही गावं आठवणारी व्यक्ती घरात सहसा एकच उरलेली असते, म्हणून सुरुवात तिच्यापासून करा.